मिठाचे चार व्यापारी आणि पहिली माफी

खाडीकाठच्या एका बंदरात मिठाचे चार व्यापारी होते. चौघे भर बाजारात एकमेकांना शिव्या घालत. त्यामुळे त्यांच्यात चढाओढ आहे, असं सगळ्यांना वाटे. पण भाव मात्र चौघांचा एकच असे, आणि तो सतत चढत असे.

भाव ठरे रुमालाखाली. एकानं रुमाल पसरायचा, दुसऱ्यानं त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडातून शब्द नाही, कागदावर शाई नाही. मग पकडणार कोण?

भुर्दंड पडे तो कोळणींना. त्या वर्षी मासळी भरपूर आली, पण ती खारवायला मीठ परवडेना. डोळ्यांदेखत मासळी नासू लागली. तेव्हा येसूबाय नावाची कोळीण तडक कचेरीत गेली आणि न्यायाधीश भास्करपंतांसमोर उभी राहिली. "साहेब, मीठ मिलल्याबिगर मी हितून हालनार नाय," ती म्हणाली आणि तिथेच बसली.

पंतांनाही संशय होताच, पण पुरावा नव्हता. त्यांनी दवंडी पिटवली. 'मिठाच्या भावाचं कारस्थान जो सर्वांत आधी येऊन खरंखरं सांगेल, त्याला दंड पूर्ण माफ. माफी एकालाच.'

झालं! इतके दिवस एकमेकांच्या बोटांवर विश्वास ठेवणारे चौघे आता एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. कचेरीच्या दिशेनं कोण निघालं? दुपारी दामूशेट धापा टाकत आला आणि कुणी, कधी, कुणाचा हात दाबला ते सगळं त्यानं सांगून टाकलं.

तो बोलतो आहे तोवर गणूशेट पोचला. "मी पण सांगतो! मलाही माफी द्या!"

कचेरीचा कारभारी पंतांच्या कानाशी लागला. "देऊन टाका यालाही. प्रकरण आजच मिटेल."

"आज मिटेल," पंत म्हणाले, "पण पुढच्या वेळी पहिला कोण येईल? मागून येऊनही तेवढंच मिळतं म्हटल्यावर सगळे घरात बसून राहतील."

मग ते गणूशेटकडे वळले. "माफी गेली. पण गुन्हा कबूल करून आजच्या आज वखार उघडलीस, रास्त भावानं मीठ विकलंस, तर दंडात थोडी सूट देईन. भांडायचं असेल तर खुशाल भांड. साक्षीला दामूशेट आहे."

गणूशेटनं दामूशेटकडे बघितलं आणि कबुली दिली. त्याच्यामागून तिसऱ्यानंही दिली. चौथा हरबाशेट मात्र हट्टाला पेटला. त्याचा खटला रीतसर चालला आणि शेवटी पूर्ण दंड त्याच्या गळ्यात पडला. पण तोवर मासळीला थांबावं लागलं नाही. तीन वखारी त्याच संध्याकाळी उघडल्या होत्या.

येसूबायला मात्र राग आवरेना. "साहेब, दामूशेटनं पन आमाला लुटला. तो कसा सुटला?"

"मलाही ते खुपतं, बाई," पंत म्हणाले. "पण रुमालाखालचं ना तू पाहिलंस, ना मी. तो बोलला नसता तर चौघेही सुटले असते. त्याला दंड माफ आहे, तुमचं नुकसान माफ नाही. ते त्यानं मिठानं भरून द्यायचं."

दामूशेट निमूटपणे मीठ मोजून देऊ लागला. येसूबायची पाटी भरली. तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"शेट, खरा बोललास म्हनून माझा म्हावरा वाचला. पन मना लुटलास, ता मी इसरनार नाय."

दामूशेटनं वाकून पाटी उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.

तात्पर्य: संगनमत फोडायचं तर सर्वांत आधी खरं बोलणाऱ्याला मोठी माफी द्यावी आणि मागून कबूल करणाऱ्याला लहान सूट. दोन्ही सारख्या केल्या, तर पहिलं पाऊल कुणीच उचलणार नाही.