गाडीचं गूळपाणी

घाटाच्या पायथ्याशी, गॅरेजसमोरच्या जांभळीच्या सावलीत, जवळच्या झऱ्याची झुळझुळ ऐकत हैदरमिस्त्री पेंगत होते. इतक्यात पंचायत समितीचे सभापती गाडी घेऊन घामाघूम होऊन आले.

“ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल धडधडतं. तीन मिस्त्री हरले, तू काय दिवे लावणार?”

मिस्त्रींनी त्यांना बसवलं, गुळाचा खडा दिला. पाणी मात्र देईनात.

“पाणी दे की!”

“दम खा साहेब. तापून आलेल्याला लगेच गार पाणी देऊ नये.”

“एवढं शेंबड्या पोरालाही कळतं!”

मिस्त्रींनी ओल्या चाकांकडे पाहिलं. “मग घाट उतरल्या उतरल्या झऱ्यावर गाडी कोण धुतं?”

“मी! दर खेपेला, जातीनं!”

“म्हणूनच तापलेल्या ब्रेकच्या चकत्या वाकल्यात. त्या लेथवर तासून सरळ करून देतो. पुढच्या वेळी आधी गाडीला दम खाऊ द्या. तोवर गुळाचा खडा तुम्ही चघळा.”