सुईणबाईंचं नवं वाहन

फार जुन्या काळी एका रानात रखमाक्का नावाची चिचुंद्री एकटीच सुईण होती. सशांची वस्ती चार कोस लांब, आणि तिथे रोज कुणी ना कुणी बाळंत होई. चालून चालून पाय सुजले, तेव्हा ती जनावरांच्या बाजारात वाहन बघायला गेली.

"माझी आयाळ बघा, अक्का," घोडा म्हणाला. "खुराक तेवढा कोसाला पाटीभर हरभरे."

"आणि तू रे?" तिने गाढवाला विचारलं.

"मी वाटेवरचं गवत खातो. दिसायला मात्र हा असाच."

अक्का आयाळीवर भाळली. दुसऱ्याच दिवशी सशीण अडल्याचा निरोप आला. दोन कोसांवर हरभरे संपले आणि घोडा मटकन खाली बसला. तेवढ्यात मागून चरत चरत गाढव आलं.

अक्काने ओशाळून विचारलं, "नेशील का रे बाबा?"

"बसा," म्हणत गाढव निघालं, ते वाटभर रेकतच. अक्काने कानांत बोटं घातली. पण तो आवाज कोसभर आधीच वस्तीत पोचला.

"सुईणबाई आल्या गं! पाणी तापवा!" सशिणीची सासू ओरडली.

सात पिल्लं सुखरूप झाली. फक्त त्या रेकण्याने सातही जणांचे कान जन्मतःच ताठ उभे होते.