रंगवलेली समई

फार मागची गोष्ट. जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची नाही असा कायदा झाला, म्हणून चोरांनी देवळातली जुनी समई सोनेरी रंगवून नव्या समयांच्या खोक्यात कोंबली. बंदरावर तपासणीच्या साहेबाने खोकं उघडलं. समईला धडकी भरली. याने नवी समजून सोडलं नि समुद्र ओलांडला, की गाव कायमचं तुटलं!

नव्या समया खिदळल्या, "आजीबाई, गप उभ्या राहा. रंगात कशा तरण्याताठ्या दिसताय!"

"सटव्यांनो, म्हातारपणाची लाज कसली?" म्हणत तिने साहेबाच्या पायाशी अंग झोकलं. रंग उडाला, काजळी मुरलेलं पितळ दिसलं. साहेबाने तिला बाजूला काढलं.

"भोगा! आता पडा सरकारी गोदामात," नव्या समया म्हणाल्या.

"पडेन की. तिथवर आमचा गुरव चालत तरी येईल."