अष्टमीच्या पंगतीतली सवाष्ण

द्वारकेच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, त्या दिवशी श्री निवांत महाराज आमच्या शेवरवाडीत, देवीच्या मठात मुक्कामाला होते. एस.टी.तून उतरून आम्ही घरी न जाता सरळ मठात गेलो. द्वारका माझी पत्नी. तिला रडू येत नव्हते, मलाच येत होते.

महाराज भाजी निवडत बसले होते. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "रंगनाथ, पथ्य डॉक्टर सांगतील ते पाळायचे. उपचार एकही चुकवायचा नाही. नाम मी सांगतो, तेही सोडायचे नाही. दोन्ही नीट करा."

तेव्हापासून आमचे घर त्या आज्ञेवर चालले. सलाइनमधून औषध सुरू झाले. द्वारकेचे केस गेले. तोंड आतून सोलवटले, पाणीसुद्धा झोंबे. माझी आई रोज पातळ पेज करी आणि आमची मुलगी मंजुळा वाटी घेऊन द्वारकेसमोर बसे. "आई, कालच्यापेक्षा एकच चमचा जास्त," असे म्हणून, नाम घेऊन चमचा पुढे करी. "बरी झाली तर" असे घरात कोणी म्हणत नसे. सगळे "बरी झाल्यावर" असेच म्हणत.

पण नवरात्र लागले आणि पेजही जाईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "पोटात अन्न गेले नाही तर पुढचे औषध शरीराला सोसणार नाही. थांबवावे लागेल." थांबवणे म्हणजे काय, ते आम्हाला कळत होते.

अष्टमीला मठात सवाष्णींची पंगत असते. त्यांचे पाय धुऊन त्यांना वाढण्याचा मान देशमुखांच्या घराचा. अनसूयाबाई देशमुख तो मान मोठ्या तोऱ्यात मिरवीत. गाव त्यांना आक्का म्हणे. त्या वर्षी महाराजांचा निरोप आला, "द्वारकेला पंगतीला आणा."

आम्ही तिला हाताला धरून नेले. पाटावर बसताना तिच्या डोक्यावरचा पदर सरकला. पाय धुवायला तांब्या घेऊन आलेल्या आक्का जागच्या जागी थांबल्या.

"अगं बया! ही कसली सवाष्ण? बोडकं डोकं घेऊन देवीपुढं? आणि गजरा कुठं माळायचा हिला, कानाला?"

दोघी-तिघी हसल्या. माझी आई पुढे झाली. "आक्का, माझा लेक जिता उभा आहे तुमच्यासमोर. ही सवाष्ण नाही तर कोण?"

"म्हातारे, तुझी माया तुझ्यापाशी. पंगत साऱ्या गावाची आहे. कौल लावा, देवीच काय ते सांगंल!"

द्वारका उठू लागली. महाराज म्हणाले, "बैस, बाळ." मग गुरवाकडे वळून म्हणाले, "लाव कौल."

गुरवाने शेवंतीची दोन फुले पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. सगळे टक लावून बसले. एकही फूल पडेना. पाणी सुकले, तरी फुले तशीच. पानांवरचा भात निवला. गुरवाला घाम फुटला.

"बघा, देवी बोलंना," आक्का म्हणाल्या.

महाराज शांतपणे म्हणाले, "आक्का, देवी तुमच्यासाठी थांबली आहे. पाय धुवायचा मान तुमचा, आणि एक सवाष्ण अजून कोरड्या पायांनी बसली आहे."

आक्कांचा चेहरा उतरला. पण महाराजांचा शब्द! त्या तोंड फिरवूनच खाली बसल्या आणि पाणी ओतू लागल्या. ओतता ओतता त्यांची नजर खाली गेली. औषधाने द्वारकेची नखे काळी पडली होती, पावले सुजली होती. आक्कांचा हात थबकला. मग त्यांनी स्वतःच्या पदराने ते पाय अगदी हलके टिपले.

आणि काय सांगावे! त्याच क्षणी देवीच्या उजव्या खांद्यावरचे फूल खाली आले. डावे फूल सांजआरती झाली तरी जागचे हलले नाही!

महाराजांनी आपल्या हाताने दूधभात कालवला आणि वाटी आक्कांकडे दिली. "भरवा."

द्वारकेने भीत भीत तोंड उघडले. घास गिळला.

"झोंबलं का गं?" आईने विचारले.

"नाही झोंबलं," द्वारका म्हणाली. "आणखी द्या."

वाटी रिकामी झाली. आक्कांनी तिच्या पावलांवर डोके ठेवले. "पोरी, चुकले मी." मग त्या रडत महाराजांकडे वळल्या, तर महाराज म्हणाले, "तिथे केलात तो नमस्कार मला पोचला."

पुढचे औषध वेळेवर झाले. सगळे उपचार पुरे झाले. द्वारकेला पुन्हा केस आले, पहिल्यापेक्षा कुरळे. त्यानंतर बरीच वर्षे ती अष्टमीच्या पंगतीला बसली, आणि तिला बोलवायला आक्का स्वतः आमच्या दारी येत.

महाराजांनी समाधी घेतल्यावर आजार परत आला. त्या वेळी ती गेली. दोन वर्षे झाली. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची असते. यंदाची नवमीही होऊन गेली. द्वारकेच्या नावाची सवाष्ण मी अजून बसवलेली नाही; तिच्या पाटावर दुसरी कोणी बसलेली मला पाहवणार नाही.