डोक्यातली हवा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. मी तेव्हा परगावी होतो, ते सोडा.

साखर कारखान्याच्या बाबालाल मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं आणि हवा आत शिरायची वाट ग्राइंडरने रुंद, गुळगुळीत केली. इंजिनिअरसाहेब कडाडले, "कंपनीचं हेड कोरता? डोक्यात हवा गेलीय तुमच्या! भरल्या ट्रॉल्या घेऊन हा समोरचा चढ चढला नाही, तर नोकरी गेली समजा."

मिस्त्रींनी हेड परत बसवलं आणि भरल्या ट्रॉल्या जोडल्या. ट्रॅक्टर सरसर चढला.

साहेब वाकून इंजिन न्याहाळू लागले. "केलंत तरी काय?"

"हेड म्हणजे डोकंच की, साहेब. इंजिनाच्या डोक्यात हवा गेली की ते चढ चढतं. माणसाच्या गेली की तो चढेल होतो."

यातला चढ तेवढा माझ्या पदरचा. आमचा गाव तळहातासारखा सपाट. चढेल साहेब मात्र अस्सल.