यल्लप्पाचा विसावा

टेंभरवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं, त्या काळची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात गावच्या नव्या विहिरीचा काठ ढासळला आणि तळाशी खोदणारा गेनू मातीआड गेला. त्याची बायको सगुणा हाका मारमारून थकली. खालून उत्तर येईना.

विहिरीच्या कामात यल्लप्पासारखा जाणता माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्याला आणायला माणसं धावली. पहाटेपासून पहार चालवलेला यल्लप्पा तसाच उन्हातून पळत आला. त्यानं खड्डा पाहिला, पहार खाली ठेवली आणि जवळच्या लिंबाखाली जमिनीला कान लावून चक्क आडवा झाला.

सगुणाच्या अंगाची आग झाली. "दादा, झोपताय काय? माझा माणूस खाली हाय!"

यल्लप्पानं हात पुढं केला. तो लटलट कापत होता. "बाई, असल्या हातानं घाव घातला तर उरलेली मातीबी त्याच्यावर जाईल. वाईच निवू दे मला."

गावकऱ्यांना धीर निघेना. ते कुदळी घेऊन पुढं सरसावले. सगुणानं त्या कापत्या हाताकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग ती पदर खोचून त्यांच्या आडवी उभी राहिली. "कुणी हलायचं न्हाई. त्यांना निवू द्या." बोलताना तिचंच काळीज फाटत होतं.

असं म्हणतात, की यल्लप्पाचा श्वास संथ झाला तसा ओढा वाहायचा थांबला. लिंबाचं पान हलेना. आणि त्या शांततेत भुईनं गेनूच्या छातीचे ठोके यल्लप्पाच्या कानात सांगितले.

तो उठला. हात आता दगडासारखा स्थिर होता. वरून न खणता त्यानं बाजूनं वाट धरली. असं म्हणतात, की कातळ त्याच्या पहारीखाली लोण्यासारखा कापला गेला. ऊन कलायच्या आत मातीतून पाच बोटं बाहेर आली आणि पाठोपाठ गेनूचा आवाज, "पाणी..."

सगुणा तिथंच मटकन बसली. किती तरी वेळ ती हसतच होती आणि डोळे पुसतच होती.

टेंभरवाडीत आजही विहीर असो की घराचा पाया, कुदळ मारण्याआधी कुणी तरी म्हणतं, "यल्लप्पाला टेकू द्या." सगळे अवजारं ठेवून मुकाट भुईवर बसतात. तेवढा वेळ मुकादमसुद्धा घड्याळाकडं बघत नाही.