रांगेत ठेवलेला कॅन

यंत्रं अजून माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका दूध संघाच्या गार खोलीत तीन सर्व्हर होते. गावोगावचे कारकून दुरून त्यांच्यावर काम करत, पण सगळे थोरल्यावरच तुटून पडत. तो धापा टाकी आणि बाकीचे दोघे पेंगत. म्हणून संघाने आणखी एक यंत्र दरवान म्हणून बसवलं. दरवान ताठ मानेने सांगे, "एक थोरल्याकडे, एक मधल्याकडे, एक धाकट्याकडे. माझ्या दारात वशिला चालत नाही!"

थोरल्याचा ताप उतरला. पण एके दुपारी कारकून दमयंतीबाईंची लाइन तुटली. उद्याच्या टँकरची यादी मधल्यावर अर्धी राहिली होती. त्या परतल्या, तर दरवानाने त्यांना धाकट्याकडे धाडलं. पडदा कोरा!

"अगं बाई, माझी यादी?"

"इथं आहे!" मधला ओरडला. "मी धरून बसलोय."

"पण नंबर धाकट्याचा होता," दरवान म्हणाला.

"बाबा रे," बाई म्हणाल्या, "आमच्या डेअरीत माणूस रांगेत कॅन ठेवून चहाला जातो. परत आल्यावर तू त्याला दुसऱ्याच्या कॅनपाशी उभं करशील?"

दरवानाने बाईंना मधल्याकडे पाठवलं. नव्या माणसाला तो आजही आळीपाळीनेच पाठवतो. परत आलेल्याला मात्र आधी विचारतो, "कॅन कुठं ठेवला होतात?"